ब्राउझर आणि सर्व्हरमधलं कनेक्शन मध्येच का तुटतं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गाळ्यातून मी लोकांच्या साइट सांभाळतो. क्लासवाले, दवाखाने, सोसायट्या, तुर्भ्याचे दोन व्यापारी, असे सगळे. दिवसाला एक तरी मेसेज येतोच, "दादा साइट मध्येच तुटतेय", आणि पुढे काहीच नाही, फक्त एक रडका इमोजी. तेच तेच परत टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलंय. पहिले प्रश्न सगळ्यांसाठी आहेत, ८ पासून पुढचे बरेचसे साइट चालवणाऱ्यांसाठी. सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना इंग्रजीतच करा.

१. "साइट ओपन होत नाही" आणि "कनेक्शन तुटतं" यात फरक काय? मला तर दोन्ही सेमच दिसतं.

सेम नाही, आणि अर्धं उत्तर त्या राखाडी पानावरच्या बारीक अक्षरातल्या ओळीत असतं जी कोणी वाचत नाही. फोनचं उदाहरण घ्या. नंबरच सापडला नाही तर ती डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यादीची, भानगड. रिंग वाजत राहिली, कोणी उचललंच नाही, तर "टाइम्ड आउट". समोरच्याने पहिल्या रिंगलाच कट केला तर "रिफ्यूज्ड", म्हणजे मशीन जिवंत आहे पण त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, ऐकणारं कोणी नाही किंवा तुम्हाला मुद्दाम नाकारलंय. बोलता बोलता खटकन फोन आपटला तर "रीसेट". आणि फोन उचलला, एक शब्द बोलला नाही आणि ठेवून दिला तर "एम्प्टी रिस्पॉन्स". या पाचांपैकी शेवटचे दोन म्हणजे खरं तुटणं.

५०२, ५०४ असा आकडा दिसत असेल तर तुमच्या ब्राउझरचं कनेक्शन तुटलेलंच नाही, समोरून कोणीतरी व्यवस्थित उत्तर दिलंय की "आत गडबड आहे". त्यासाठी प्रश्न ९.

२. क्रोममध्ये "कनेक्शन रीसेट" येतं. हे रीसेट नेमकं कोण करतं?

टीसीपीमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी जोडले जातात ते), १९८१ च्या आरएफसी ७९३ या नियमपत्रापासून आजतागायत, कनेक्शन बंद करायच्या दोन पद्धती आहेत. एक फिन, म्हणजे "चल, येतो मी" म्हणून निरोप घेणं. दुसरी आरएसटी, म्हणजे दार आपटणं. ब्राउझरला आरएसटी आलं की तो रीसेट दाखवतो. पण गंमत अशी की त्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता सर्व्हरचा असला तरी ते सर्व्हरनेच पाठवलंय असं नसतं! मधला फायरवॉल, तुमच्याच लॅपटॉपमधला अँटिव्हायरस, ऑफिसचा प्रॉक्सी (मधला दलाल), इंटरनेट कंपनीचं फिल्टर, यातलं कोणीही सर्व्हरच्या नावाने आरएसटी टाकू शकतं आणि ब्राउझर बिचारा विश्वास ठेवतो. म्हणून नुसता स्क्रीनशॉट पाठवून "सर्व्हर खराब आहे" म्हणू नका.

३. मग तपासायला सुरुवात कुठून करू?

घड्याळापासून. सिरियसली. लोक आधी कॅश साफ करतात, मग राउटर बंद-चालू, मग ब्राउझर परत टाकतात, आणि शेवटी मला फोन करतात तेव्हा सगळे पुरावे पुसलेले असतात. कारण शोधायच्या आधी एवढंच ठरवायचं की लाइन कोणी कापली, आणि कोणी कापली ते बहुतेक वेळा किती सेकंदांनी कापली यावरून कळतं.

एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, "प्रिझर्व्ह लॉग" वर टिक करा आणि मग तीच चूक परत घडवा. लाल झालेल्या ओळीवर क्लिक केलं की टाइमिंग दिसतं. लगेच, अर्ध्या सेकंदाच्या आत तुटलं तर कोणीतरी तुम्हाला ठरवून नाकारतंय. विंडोजवर वीस-एकवीस सेकंद नुसतं फिरून टाइम्ड आउट आलं तर तुमची हाकच पोचली नाही किंवा उत्तर परत आलं नाही. बरोब्बर ६० सेकंदांनी होत असेल तर ते कोणाचं तरी टाइमआउट सेटिंग आहे, नशीब नाही. दर वेळी वेगळा वेळ, कधी ७ कधी ४३, तर वायफाय, वायर किंवा नेटवर्क. गोल आकडा दिसला की माणसाने ठेवलेली सेटिंग शोधायची, ओबडधोबड आकडा दिसला की वायर हलवून बघायची, मी तरी असंच करतो.

त्यानंतर तीन चाचण्या: तीच साइट वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, दुसरी साइट त्याच वायफायवर, आणि तीच साइट इनकॉग्निटोमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे.

४. फक्त घरच्या वायफायवर तुटतं, मोबाइल डेटावर एकदम मस्त चालतं. राउटर बदलू?

थांबा, पैसे वाचवा. आधी लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी छोटी हाक, लावून ठेवा, बऱ्याच घरात पत्ता १९२.१६८.१.१ असतो, आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचं पिंगच मध्ये मध्ये गळत असेल तर वायफायचा प्रॉब्लेम, राउटरजवळ जाऊन किंवा केबल लावून बघा. राउटरचं पिंग ठीक आणि बाहेरचं गळतंय तर लाइन. फायबरच्या डब्यावर लॉस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर प्रकाशच येत नाहीये, म्हणजे फायबर तुटलीय नाहीतर वाकलीय. घोडबंदर रोडला ज्यांची घरं आहेत त्यांना हे सांगायला नको, खोदकाम दिसलं की संध्याकाळी नेट गेलंच समजा.

आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. कोपरखैरणेच्या एका सोसायटीत तक्रार होती की लाइट गेली की घरात राउटर इन्व्हर्टरवर चालू, सगळे दिवे हिरवे, तरी नेट बंद. गेलो, जिन्यातल्या डक्टचं दार उघडलं, आत धुळीने भरलेला एक छोटा स्विच, आणि त्याचा प्लग जिन्याच्या कॉमन लाइटच्या पॉइंटला! इन्व्हर्टर घराला, स्विचला काय? लाइट आली की तो स्विच परत उठायला वेळ घ्यायचा तेवढ्यात चालू असलेली सगळी कनेक्शनं मेलेली. तर राउटर बदलायच्या आधी डक्ट बघा.

५. लोकलमध्ये फॉर्म भरला की सबमिट करताना हमखास तुटतं. का?

कारण टीसीपीचं कनेक्शन चार गोष्टींना बांधलेलं असतं: तुमचा आयपी (नेटवरचा पत्ता), तुमचा पोर्ट, सर्व्हरचा आयपी, सर्व्हरचा पोर्ट. यातलं एक जरी बदललं तर जुनं कनेक्शन संपलं. स्टेशनवर फोन वायफायला चिकटला, गाडी सुटली, फोन परत डेटावर आला, आयपी बदलला, क्रोम म्हणतो "नेटवर्क चेंज्ड". ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीकडे जाताना डोंगरातला बोगदा लागतो तिथे तर रेंजच जाते, त्यामुळे दिघ्याला सबमिट दाबू नका, ऐरोलीला दाबा.

यावर उपाय निघालाय, त्याचं नाव क्विक, २०२१ चा आरएफसी ९०००, आणि त्याच्यावर बसलेलं एचटीटीपी ३, जे २०२२ ला प्रमाणित झालं. त्यात कनेक्शनला स्वतःचा आयडी असतो, आयपी बदलला तरी ओळख राहते. पण साइटने आणि ब्राउझरने दोघांनी ते चालू ठेवलेलं पाहिजे, आणि ते टीसीपीऐवजी यूडीपीच्या ४४३ पोर्टवर चालतं जे बऱ्याच ऑफिसांत बंद असतं. तोपर्यंत लांबलचक फॉर्म आधी नोट्समध्ये लिहून मग पेस्ट करा.

६. होमपेज येतं पण लॉगिन केलं की किंवा मोठं पान उघडलं की अर्ध्यात लटकतं. स्पीड टेस्ट तर छान दाखवते.

हा क्लासिक एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल साइजचा, केस आहे, आणि यात लोक महिनोन्महिने सर्व्हरला शिव्या देतात. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल साइज १५०० बाइट. पीपीपीओई वाल्या (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणाऱ्या) ब्रॉडबँडवर ८ बाइट त्याच्या हेडरला जातात, उरतात १४९२. व्हीपीएन असेल तर आणखी कमी. मोठं पॅकेट वाटेत मावलं नाही की मधला राउटर "लहान करून पाठव" असा आयसीएमपी निरोप पाठवतो, पण काही हुशार लोक "सिक्युरिटी" म्हणून आयसीएमपी पूर्ण ब्लॉक करून ठेवतात, मग निरोप पोचत नाही, सर्व्हर तेच जाडं पॅकेट परत परत पाठवत बसतो आणि तुम्ही गोल फिरणारं चक्र बघत बसता. छोटी पॅकेटं जातात म्हणून पिंग छान, होमपेज छान.

तपासायचं असं: विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग -एफ -एल १४७२ आणि पुढे साइटचं नाव. १४७२ मध्ये २८ बाइट हेडरचे मिळवले की १५००. पॅकेट तोडावं लागेल असा मेसेज आला किंवा उत्तरच नाही आलं तर १४६४ करून बघा. १४६४ ला गेलं म्हणजे तुमची वाट १४९२ ची आहे, राउटरमध्ये वॅनचं एमटीयू १४९२ करा. बरेच सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत, तेव्हा आधी साधं पिंग चालतंय ना ते बघून घ्या.

७. ऑफिसमध्ये सगळ्यांची साइट एकदम बंद, घरी प्रत्येकाची चालू. दहा मिनिटांनी आपोआप नीट. भूत आहे का?

भूत नाही, फेलटूबॅन आहे. सर्व्हरवर बसलेला हा रखवालदार, डिफॉल्टला १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न दिसले की तो आयपी १० मिनिटांसाठी बंद. ऑफिसातल्या चाळीस जणांचा बाहेरचा आयपी एकच असतो, त्यामुळे एकाने जुना पासवर्ड सेव्ह केलेला मेल ॲप उघडला की चाळीस जण बाहेर. लगेच "रिफ्यूज्ड" येत असेल आणि दहा मिनिटांत सुटत असेल तर नव्वद टक्के हेच.

घरीही होऊ शकतं. बऱ्याच कंपन्या सीजीनॅट वापरतात, म्हणजे एकाच पब्लिक आयपीमागे अख्खं सेक्टर. राउटरच्या पानावर वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच, ही रेंज २०१२ मध्ये यासाठीच राखून ठेवलीय. शेजाऱ्याच्या व्हायरसवाल्या पीसीची शिक्षा तुम्हाला. साइटवाल्यांनी सरसकट आयपी बंद करताना याचा विचार करावा, पण करत नाहीत.

८. पाच मिनिटं काही केलं नाही आणि मग क्लिक केलं की तुटतं, लगेच परत क्लिक केलं की चालतं. असं का?

हा माझा आवडता आणि सगळ्यात छळवादी प्रश्न.

ब्राउझर दर क्लिकला नवीन कनेक्शन करत नाही, जुनं उघडं ठेवतो, त्याला कीप-अलाइव्ह म्हणतात. पण दोन्ही बाजू आपापल्या घड्याळाने ते बंद करतात. अपाची आणि एन्जिनएक्स ही सर्व्हरवर पानं वाटणारी सॉफ्टवेअर, अपाचीचं डिफॉल्ट ५ सेकंद, एन्जिनएक्सचं ७५. आता समजा सर्व्हरने वेळ संपली म्हणून दार लावलं आणि अगदी त्याच क्षणी तुमची रिक्वेस्ट वाटेत आहे. ती पोचते तेव्हा दार बंद, उत्तर आरएसटी. चूक कोणाचीच नाही, फक्त टायमिंग. ब्राउझर बऱ्याचदा गुपचूप नव्या कनेक्शनवर परत पाठवतो म्हणून तुम्हाला कळत नाही. दुसरा प्रकार म्हणजे मधला नॅटवाला (अनेकांना एकाच आयपीमागे ठेवणारा) राउटर, तो शांत पडलेलं कनेक्शन आपल्या यादीतून पुसून टाकतो आणि कोणालाच सांगत नाही. लिनक्सचं टीसीपी कीप-अलाइव्ह डिफॉल्टला ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पहिली टकटक करतं, तोपर्यंत तो राउटर तुम्हाला विसरून दुसऱ्या गिऱ्हाइकांत रमलेला असतो.

साइटवाल्यांसाठी खरा धोका पुढे आहे, लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट वाटून देणारा) आणि मागचा सर्व्हर यांच्यात. ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर डिफॉल्टला ६० सेकंद कनेक्शन धरून ठेवतो, मागे नोड (जावास्क्रिप्टवाला सर्व्हर) असेल तर त्याचं कीप-अलाइव्ह बरीच वर्षं ५ सेकंदच राहिलंय. म्हणजे पुढचा समजतोय लाइन चालू आहे आणि मागच्याने कधीच ठेवून दिलाय. परिणाम, हजारात एखादी रिक्वेस्ट ५०२, कुठल्याही पॅटर्नशिवाय, लॉगमध्ये काही नाही, आणि डेव्हलपर म्हणतो "माझ्याकडे तर होत नाही". मी स्वतः यात एक अख्खा आठवडा घालवलाय, तीन डब्बे चहा संपला. नियम एकच: मागच्याचा टाइमआउट पुढच्यापेक्षा जास्त ठेवायचा. पुढे ६० तर मागे ६५. बास.

९. ५०२ आणि ५०४ म्हणजे पण तुटणंच ना? आणि लॉगमध्ये ४९९ दिसतंय ते काय?

तुटलंय, पण तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये नाही. पुढे एन्जिनएक्स, मागे ॲप्लिकेशन. मागच्याने उत्तर देता देता जीव सोडला किंवा दार आपटलं तर ५०२. मागच्याने वेळेत उत्तरच दिलं नाही तर ५०४, आणि ती वेळ डिफॉल्टला ६० सेकंद. लोक लगेच ६० चे ६०० करतात. त्याने पान लवकर येत नाही, फक्त गिऱ्हाईक दहा मिनिटं ताटकळतं आणि तेवढा वेळ एक वर्कर (काम करणारी प्रोसेस) अडकून राहतो. आधी डेटाबेसची ती संथ क्वेरी शोधा.

४९९ हा एन्जिनएक्सने स्वतःच बनवलेला आकडा आहे, अर्थ: गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. लाइन ब्राउझरने कापली. ४९९ ची रांग दिसली तर साइट स्लो आहे, तुटत नाहीये.

१०. मोठी फाइल अपलोड करताना मध्येच रीसेट. लिमिटचा मेसेज तर येत नाही.

यायला पाहिजे होता, ४१३ नावाचा. एन्जिनएक्सची डिफॉल्ट मर्यादा फक्त १ एमबी. सर्व्हर हेडर वाचूनच "एवढं मोठं नको" म्हणतो आणि बंद करतो, पण ब्राउझर तेव्हा अजून फाइल ओततच असतो, बंद दारावर ओतलं की आरएसटी, आणि ४१३ चा मेसेज वाचायच्या आधीच हरवतो. त्यामुळे अपलोडवर रीसेट आला की पहिला संशय साइजवर. पीएचपीच्या मर्यादा वेगळ्या, एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला ८, पण तिथे कनेक्शन तुटत नाही, फॉर्म रिकामा आल्यासारखा वागतो, जे जास्त गोंधळात टाकतं.

दर वेळी वेगळ्या टक्क्याला तुटत असेल तर लाइन बघा, प्रश्न ४.

११. एरवी ठीक, फक्त गर्दी झाली की लोकांची कनेक्शनं तुटतात. सर्व्हर मोठा घ्यावा का?

नौपाड्यातल्या एका काकूंची उकडीच्या मोदकांची ऑर्डर घ्यायची साइट आहे. वर्षातले तीनशे साठ दिवस दिवसाला दहा लोक, गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सगळं ठाणं. २ जीबी रॅमचा सर्व्हर, आणि आधीच्या कोणीतरी पीएचपी-एफपीएमचे (पीएचपी चालवणारा) मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा, १०० करून ठेवलेले, का तर जास्त म्हणजे चांगलं. एका प्रोसेसला तिथे ६० एमबी लागत होते. गुणाकार करा, ६ जीबी. रॅम संपली, लिनक्सच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) सगळ्यात जाडा प्रोसेस बघून डेटाबेसच मारला, काकूंच्या फोनवर ऑर्डर ऐवजी तक्रारी. मोठा सर्व्हर नाही घेतला, मॅक्स चिल्ड्रन २० केले. मग लोक दोन सेकंद रांगेत थांबले, पण एकही तुटला नाही.

तपासायला डीमेसेजमध्ये (लिनक्सचा स्वतःचा लॉग) "आउट ऑफ मेमरी" शोधा, एफपीएमच्या लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रन गाठल्याची वॉर्निंग, आणि वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये "टू मेनी ओपन फाइल्स". शेवटचं दिसलं तर मर्यादा १०२४ वर अडकलेली असते, प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक उघडी फाइल हे लक्षात ठेवा.

१२. लाइव्ह डॅशबोर्ड दर मिनिटाला डिस्कनेक्ट होतं.

वेबसॉकेट (सतत उघडं राहणारं कनेक्शन) आणि एन्जिनएक्सचे तेच ६० सेकंद. मिनिटभर कोणी काही बोललं नाही की प्रॉक्सी कापतो. दर २५-३० सेकंदांनी पिंग पाठवा, नॅटचा प्रॉब्लेमही त्यातच सुटतो, बाकी प्रश्न ८ सारखंच.

१३. फक्त एकाच कॉम्प्युटरवर किंवा एकाच ब्राउझरमध्ये तुटतं.

अँटिव्हायरसचं एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करून बघा, मग एक्स्टेन्शन, मग व्हीपीएन. उलट बाजूने, साइट फार जुनी असेल आणि फक्त टीएलएस (एचटीटीपीएसचं कुलूप) १.० किंवा १.१ बोलत असेल तर २०२० मध्येच मोठ्या ब्राउझरांनी ते सोडलंय, नवीन ब्राउझरला ती उघडणार नाही आणि कुठल्यातरी सरकारी खोलीतल्या जुन्या मशीनवर मात्र व्यवस्थित उघडेल. सर्टिफिकेट संपल्याची लाल वॉर्निंग हा वेगळा विषय, त्यात काही तुटत नाही.

१४. नवीन सर्व्हरवर साइट हलवली, निम्म्या लोकांना चालते, निम्म्यांना रीसेट. डीएनएस पसरायला वेळ लागतो म्हणे?

दोन दिवस झाले तरी असंच असेल तर ते कारण सोडा. एएएए रेकॉर्ड बघा. ए रेकॉर्ड (डीएनएसमधला जुन्या धाटणीचा आयपीव्ही४ पत्ता) बदलला, आयपीव्ही६ चा (नव्या लांब पत्त्याचा) एएएए जुन्याच सर्व्हरकडे राहिला, असं फार होतं. ब्राउझर दोन्ही रस्ते जवळपास एकदम ट्राय करतो आणि व्ही६ जोडलंच नाही तर पाव सेकंदात व्ही४ वर येतो, म्हणून पूर्ण बंद व्ही६ कोणाला जाणवत नाही. पण जुना सर्व्हर अजून जिवंत असेल, कनेक्शन घेत असेल आणि मग साइट सापडत नाही म्हणून कापत असेल, तर ब्राउझरच्या मते रस्ता चांगलाच होता, तो परत फिरत नाही. मोबाइल डेटावर व्ही६ असतंच बहुतेक, म्हणून इथे प्रश्न ४ च्या उलट दिसतं: वायफायवर चालतं, डेटावर तुटतं.

१५. पैसे कट झाले आणि पान तुटलं. परत "पे" दाबू का?

नको. तुटलं म्हणजे रिक्वेस्ट पोचली नाही असं नसतं. पोचली, काम झालं, फक्त उत्तर येताना वाट तुटली, असंही असतं, आणि ब्राउझरला यातला फरक कळायचा मार्गच नाही. आधी बँकेचा मेसेज किंवा यूपीआयची हिस्टरी बघा, साइटवर "माय ऑर्डर्स" बघा. साइटवाल्यांनो, प्रत्येक ऑर्डरला पान उघडतानाच एक युनिक नंबर द्या आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर पहिलंच उत्तर परत द्या. एन्जिनएक्स १.९.१३ पासून पोस्ट रिक्वेस्ट आपल्या मनाने दुसऱ्या सर्व्हरला परत पाठवत नाही ते याच भीतीने.

१६. होस्टिंगवाल्याला किंवा ब्रॉडबँडवाल्याला तक्रार करताना काय पाठवू? ते नेहमी "आमच्याकडून ठीक आहे" म्हणतात.

म्हणणारच, तुम्ही "चालत नाही" एवढंच लिहिलंय. सेकंदांसकट वेळ द्या म्हणजे ते लॉगमध्ये शोधू शकतात. क्रोममध्ये ॲड्रेस बारवर नेट-एक्स्पोर्टचं पान उघडून लॉग रेकॉर्ड करता येतो, पण त्यात तुम्ही उघडलेल्या साइटचे पत्ते असतात, त्यामुळे बाकीचे टॅब बंद करून मगच, आणि ती फाइल ग्रुपवर टाकू नका. मला परवा घणसोलीहून एकाने मेसेज केला तो असा होता: "रात्री ९.४२.१० ला ऑर्डरचं बटण दाबलं, बरोबर ६० सेकंदांनी ५०४ आलं, तीनदा करून बघितलं तिन्ही वेळा ६०, मोबाइल डेटावर पण सेम, पब्लिक आयपी सोबत जोडलाय, राउटरचं पिंग एकही गळलं नाही." मी लॉगमध्ये ९.४३.१० उघडलं, समोरच क्वेरी.

त्याला मी अजून काही विचारलंच नाही.